उजव्या हाताचा प्रसाद

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी प्रवचन असतं. या गुरुवारचा विषय होता समदृष्टी. प्रवचन करणारे काका आमच्याच इमारतीतले. आवाज असा की दुसऱ्याचं दुःखसुद्धा ऐकायला गोड लागावं. पुढच्या रांगेत सुमनवहिनी उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन बसल्या होत्या, शेजारी त्यांचा नवरा. हात त्यानंच पिरगळून मोडला, हे सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. ‘यांना चार शब्द सांगा,’ म्हणून वहिनी काकांकडे गेल्या होत्या. काका म्हणाले होते, “वहिनी, मी कुणाच्याच बाजूचा नाही. मला तुम्ही दोघं सारखेच.”

समदृष्टी! आतला राग, लोभ, भीती जाळून कुणी तिथवर पोचलं असेल, तर त्याच्या पायांवर डोकं ठेवावं. आम्ही मात्र हा शब्द दाराच्या कडीसारखा वापरतो. बाहेर कुणी ओरडलं की आतून लावून घ्यायचा. मारणारा आणि मार खाणारा सारखेच म्हटले, की मारणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, आणि आपल्याला शांत झोप लागते.

प्रवचन संपलं. काका शिऱ्याचं पातेलं घेऊन रांगेतून आले. वहिनींनी डावा हात पुढे केला. काकांनी चमचा मागे घेतला.

“प्रसाद डाव्या हातात घेऊ नये, वहिनी,” ते अगदी मायेनं म्हणाले. “तुमचाही यांच्याकडेच देतो.”

नवऱ्यानं उजवा हात पुढे केला. तो धडधाकट होता.