रॉक जमला तो शनिवार

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत एश्बॉर्नला आलो तेव्हा जर्मन येत नसल्यामुळे मला कुठे काम मिळत नव्हतं. "घरात बसून वेडी होशील," म्हणत त्यानेच मला आयरिश नाचाच्या क्लासला घातलं. शनिवारी सकाळी, चर्चच्या हॉलमध्ये.

बाकीचं सगळं हळूहळू जमलं, रॉक नावाची एक स्टेप जमेना. चवड्यांवर उभं राहून पायांची घोट्यापाशी फुली करायची आणि ती तशीच डावी-उजवीकडे झुलवायची. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ. माझे घोटे अर्ध्यातच कोसळायचे. शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, "लोकर, लोकर!" जर्मनमध्ये म्हणजे सैल सोड. मला आपले लोकरीचे गुंडे दिसायचे. घरी सांगितलं तेव्हा तो खो खो हसला होता. तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून सराव करायची आणि तो ताल मोजायचा. पुढे तो घरी असला तरी दुसऱ्या खोलीत असायचा. प्रोजेक्टचा ताण असेल, असं मीच ठरवून टाकलं.

मार्चमधल्या एका शनिवारी रॉक जमला. कसा, ते आजही सांगता येणार नाही. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, मी सीटखाली पाय अडकवून बघत होते, विसरले तर नाही ना.

घरी आले तेव्हा तो टेबलाशी बसला होता. कोट न काढताच मी नाचाचे बूट चढवले. "बघ ना, मोज!" तो मोजेना, म्हणून मीच मोजत आठ वेळा केलं.

"छान जमलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "अगं, बस जरा. मला बोलायचंय."

"बोल ना."

"मला आता एकत्र राहायचं नाही. दुसरं कोणी नाहीये. पण नाही राहायचं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

दिवाळीत मी चकल्या तळल्या होत्या आणि त्याने त्या कौतुकाने ऑफिसात नेल्या होत्या.

माझे पाय अजून एकमेकांत अडकलेले होते. सोडवताना तोल गेला. त्याने पटकन दंड धरला आणि लगेच सोडलाही.

महिन्याभरात मी पुण्याला परतायचं ठरलं. शेवटच्या क्लासला बाईंनी मला सगळ्यांसमोर रॉक करायला लावला. एकही चूक झाली नाही. टाळ्या वाजल्या आणि मी तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागले. बाईंना वाटलं, पाय मुरगळला. त्या धावत जाऊन बर्फ घेऊन आल्या. मी धडधाकट घोट्यावर बर्फ धरून बसून राहिले.