अकराव्या कलमासमोरची खोडलेली खूण

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. ताईला मराठी वाचता येतं, तिने धाकट्याला वाचून दाखवावं. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा. यातलं सगळं त्यांना आता माहीत आहे.

ताईने माझ्यासाठी एक प्रोग्रॅम केला आहे. तो उघडला की 'आजी आत्ता काय करत असेल' हे तुमच्याकडे दिसतं. साडेपाचला उठली, सहाला फिरायला गेली, साडेआठला पूजा, अकराला जुन्या कागदांचं कपाट आवरणं. माझं वेळापत्रक वर्षानुवर्षं बदललेलं नाही, त्यामुळे तो प्रोग्रॅम कधी चुकत नाही, असं ताई मला चिडवते. मागच्या महिन्यात तिने तो शाळेच्या कुठल्याशा स्पर्धेला पाठवायचं ठरवलं आणि स्पर्धेच्या नियमांची सहा पानं मला मोबाइलवर धाडली. सोबत लिहिलं होतं, "बाबा म्हणाले आजीला दाखव. आजीच्या नजरेतून काही सुटत नाही."

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी अकरा वाजता मी कपाट उघडलं नाही. ताईचा प्रोग्रॅम तेवढा एक दिवस चुकला.

मी एकतीस वर्षं सोलापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. कुठलाही कागद हातात पेन्सिल घेऊनच वाचायची सवय तेव्हापासूनची. शेजारपाजारचे लोक विम्याचे, बँकेचे, कोर्टाचे इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे यायचे. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. जिथे जपायला हवं तिथे समासात बारीक बरोबरची खूण करायची आणि मग त्या खुणा एकेक करून समजावून सांगायची. खूण नसेल तर डोळे मिटून सही करा, असं लोक एकमेकांना सांगत. मला त्याचा अभिमान होता.

तुमचे बाबा इंजिनिअर होऊन घरी आले तेव्हा मंदी होती. नोकरीची पत्रं येत नव्हती. वर्षभर ते मागच्या खोलीत संगणकासमोर बसून असत. शुक्रवार पेठेत एक छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका छापणारा. मालकांची मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यामुळे ते मला बाई म्हणत. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि पत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घाबद्दल माझ्यापेक्षा कडक. त्यांची एक अडचण होती. पुण्या-मुंबईचे लोक पत्रिकेचा मजकूर ई-मेलने पाठवू लागले होते आणि छापखान्यातल्या संगणकावरच्या जुन्या अक्षरांत तो उघडला की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत. सगळा मजकूर पुन्हा टाइप करायचा, म्हणजे पुन्हा चुका. तुमच्या बाबांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. एका बाजूने नवा मजकूर घालायचा, दुसऱ्या बाजूने छापखान्याला चालेल असा बाहेर येतो.

मालक खूश झाले. इतर छापखान्यांचे लोक विचारायला आले. मी म्हटलं, विक. तुमच्या बाबांनी तो इंटरनेटवर ठेवून दिला, आतल्या सगळ्या कारागिरीसकट. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. मला ते वेडेपण वाटलं आणि मी तसं बोललेही.

त्याच सुमारास एका खासगी क्लासने माझ्या व्याकरणाच्या नोट्स माझं नाव काढून, स्वतःचं घालून छापल्या होत्या आणि वर लिहिलं होतं की याची नक्कल करू नये. माझा नुसता संताप चालला होता. तुमचे बाबा जेवता जेवता म्हणाले, "आई, नोट्स पसरल्या याचा राग नको मानूस. मुलींना फायदाच झाला. पुढच्याला द्यायला त्यांनी बंदी घातली, राग त्याचा हवा." मग त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या प्रोग्रॅमसोबत एक अट आहे. घ्या, पण पुढे देताना तुम्हाला मिळाली तशीच मोकळीक पुढच्यालाही द्या. तुझ्या नोट्सवर हे लिहिलं असतंस तर क्लासवाल्यांना कुलूप लावता आलं नसतं, म्हणाले.

ती अट मराठीत लिहायचं काम त्यांनी मला दिलं. 'फुकट' त्यांना चालेना, 'मोफत'ही नको म्हणाले. पैशाची गोष्ट नाही ही. 'स्वातंत्र्य' मला पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं वाटलं. दोन दिवसांनी मला 'मुभा' सुचला. 'हा प्रोग्रॅम वापरण्याची, उघडून पाहण्याची, बदलण्याची व पुढे देण्याची मुभा आहे. पुढे देताना हीच मुभा द्यावी.' माझी ती दोन वाक्यं अजून त्या प्रोग्रॅमच्या तळाशी आहेत.

त्यांचं सगळंच मला पटत होतं असं नाही, आजही पटत नाही. त्या वर्षी ते जगाला मुभा देत होते तेव्हा घरचा भात माझ्या पगाराचा होता, हे मी त्यांना एकदा ऐकवलंही. पण त्यांचं एक वाक्य मी विसरले नाही. आमच्या शाळेतल्या दहाच्या दहा संगणकांवर कुठूनतरी आणलेल्या सीडीवरचे प्रोग्रॅम होते आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. ते म्हणाले होते, "चोरून आणलेलं आपल्याला चालतं, आई. स्वतःहून देणारा मात्र वेडा."

प्रोग्रॅममध्ये एक खोट राहिली होती. 'वऱ्हाडी' या शब्दातला र त्याला जमत नसे. तो अर्धा र उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायचा आणि 'वर्हाडी' व्हायचं. लग्नपत्रिकेत हा शब्द तर हवाच. मी दळण आणायला निघाले की मालक दुकानातून हाक मारत.

"बाई, सगळं झकास हाय, पण वऱ्हाडी तेवढे नीट येईनात बघा. आता वऱ्हाडाबिगर लगीन कसं लावायचं?"

मी घरी येऊन सांगितलं. तुमचे बाबा हसले आणि म्हणाले, आठ दिवस दे.

त्या आठ दिवसांतच पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतून फोन आला. निवड झाली होती. पत्र मागाहून येणार होतं, पण मी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेत पेढे नेले. स्टाफरूममध्ये प्रत्येकीच्या हातावर ठेवून सांगितलं की पुण्याला, आयटीत. ज्यांची मुलं आधीच लागली होती त्यांना तर मुद्दाम दोन दोन दिले.

चार दिवसांनी पत्र आलं. दोन प्रती, प्रत्येकी चौदा पानं. एक सही करून पाठवायची, एक आपल्याजवळ ठेवायची. तुमचे बाबा म्हणाले, "आई, तू वाच. मला कंटाळा येतो. तुझी खूण असेल तेवढंच बघतो."

मी दुपारी एकटी बसून आपल्याजवळ ठेवायची प्रत वाचली. अकराव्या कलमात लिहिलं होतं की नोकरीत असेपर्यंत माणूस जे जे लिहील, कामाच्या वेळात किंवा घरी, कंपनीच्या यंत्रावर किंवा स्वतःच्या, ते सगळं कंपनीच्या मालकीचं होईल, आणि लेखी परवानगीवाचून त्यातलं काहीही बाहेर देता येणार नाही. कलम स्वच्छ इंग्रजीत होतं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी सवयीने समासात खूण केली.

मग ती खूण बघत बसले. माझ्या मुलाने हे वाचलं तर तो जाणार नाही, याची मला खात्री होती. निदान कंपनीला पत्र लिहील, हे कलम काढा म्हणेल, आणि ते दुसऱ्या कोणाला घेतील. पुढचं वर्षही मागच्या खोलीत. आणि ते पेढे. खरं सांगायचं तर त्याच्या पोटापाण्याचा विचार नंतर आला, स्टाफरूम आधी डोळ्यांसमोर आली.

दप्तरातून खोडरबर काढला आणि खूण पुसली. जोरात पुसली. मुलींना मी सांगत असे की हलक्या हाताने खोडा, कागद खरवडला जातो. समासातला कागद खरवडला गेला. मी त्यावरून बोट फिरवून भुसा फुंकला आणि संध्याकाळी दोन्ही प्रती त्याच्यापुढे ठेवल्या. नेहमीचंच आहे सगळं, म्हटलं. त्याने आपल्या प्रतीची पानं एकेक करून उलटली, आणि सह्या केल्या.

पुण्याला गेल्यावर काम इतकं अंगावर पडलं की 'वऱ्हाडी' मागे राहिला. वर्षभराने सवड मिळाली तेव्हा त्याने ती दुरुस्ती केली. सरळ माणूस, इंटरनेटवर टाकण्याआधी साहेबांना विचारायला गेला. साहेबांनी वरच्यांना विचारलं, आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं की अकरावं कलम पाहावं. आधी दिलेलं त्याचं त्याचं होतं, ते कोणी परत घेऊ शकत नव्हतं. पण नवी एक ओळही बाहेर जाणार नव्हती. त्याने मला शाळेत फोन केला. तेव्हा मधली सुट्टी होती.

"आई, ते अकरावं कलम तू वाचलं होतंस ना?"

"सुटलं असेल रे नजरेतून," मी म्हटलं.

तो म्हणाला, बरं.

त्यानंतर तो असं काही बोललाच नाही. दिवाळीला आला की मी विचारायची, काय करतोस तिकडे? एका मोठ्या प्रोग्रॅमचा एक तुकडा सांभाळतो, म्हणायचा, पूर्ण प्रोग्रॅम मी कधी पाहिलेला नाही. पगार वाढला, परदेश झाला, तुम्ही दोघं आलात. प्रत्येक नव्या नोकरीच्या पत्रात तसलंच एक कलम होतं, आणि आता तो न विचारताच सही करत होता. हे चांगलं आयुष्य आहे, मी ते वाईट म्हणणार नाही. पण मागच्या खोलीतला जो माणूस जेवताना माझ्याशी भांडायचा तो पुन्हा भेटला नाही.

मालक मात्र मला भेटत राहिले. दोन-तीनदा त्यांनी विचारलं, नवीन कधी देणार, बाई? मग मी दळणाला लांबच्या गल्लीने जाऊ लागले. तरी पत्रिका घरी येतातच. कोणाचीही आली की मी आधी नवरानवरीची नावं वाचत नाही, तो शब्द शोधते. बहुतेक वेळा त्यांनी हाताने नीट केलेला असतो. गेल्या वर्षी एकीत राहून गेला होता. 'वर्हाडाची गाडी सकाळी सात वाजता टेंभुर्णीहून निघेल.' मी ती पत्रिका पालथी घातली.

तर ताईच्या त्या वाक्यानंतर तीन दिवस गेले आणि रविवारी मी तुमच्या बाबांना फोन केला. इकडे दिवेलागण झाली होती, तिकडे तुमच्या शिकवणीची वेळ. मी प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "ते कलम नजरेतून सुटलं नव्हतं. मी खूण केली होती आणि खोडली."

ते म्हणाले, "माहीत आहे."

पुढेही तेच बोलले. "सही करताना पानं उलटली ना, तेव्हा बोटाला तिथे खरखरीत लागलं. मला वाटलं, तू विचार केलास आणि काळजीचं नाही असं ठरवून खोडलंस. म्हणून मी ते कलम वाचलं नाही."

"मग मी फोनवर खोटं बोलले तेव्हा का नाही बोललास?"

"तू सुटलं म्हणालीस. मग मी काय बोलणार, आई?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. 'आजीच्या नजरेतून काही सुटत नाही' हे त्यांनी ताईला सरळ मनाने सांगितलं की मला ऐकवलं, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझा राहिलेला नाही. मी मुलींना चुका दाखवत आयुष्य काढलं आणि माझ्या मुलाने माझी चूक पंधरा वर्षं समासात झाकून ठेवली.

ताई, तुझी सहा पानं मी छापून आणली होती, ती त्याच संध्याकाळी वाचली. चौथ्या पानावर सातव्या नियमात लिहिलं आहे की पाठवलेला प्रोग्रॅम आयोजकांच्या मालकीचा होईल. तिथे मी शाईच्या पेनाने खूण केली, त्या पानाचा फोटो तुला पाठवला आणि पाठवावा की नाही ते तू ठरव, असं लिहिलं. तुझं उत्तर आलं की मग 'आजी' त्यांना नाही द्यायची, मांजरं मोजायचा प्रोग्रॅम पाठवते, तो तसाही वाईट झाला आहे. मी खूप दिवसांनी हसले.

त्यानंतर तू आणखी एक विचारलंस. बाबांचा जुना प्रोग्रॅम तुला इंटरनेटवर सापडला, खाली आजीचं मराठीही दिसलं. बाबांना नोकरीमुळे तो दुरुस्त करता येत नाही, पण तू तर कुठे नोकरीला नाहीस. तसा र असलेल्या शब्दांची यादी तेवढी दे, म्हणालीस. यादी करते आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या, कोऱ्या, बिचाऱ्या. जमेल की नाही ठाऊक नाही, घाईही नाही. पण काल मी शुक्रवार पेठेतल्या जुन्या गल्लीने गेले. मालकांचे केस पांढरे झाले आहेत. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं, प्रोग्रॅमचं काहीच विचारलं नाही. मीच सांगितलं, वऱ्हाडी कदाचित येतील.

तुमच्या बाबांनी माझ्याकडे एकच मागितलं, अकराव्या कलमाच्या त्या पानाचा फोटो. फाइल कपाटात जागेवरच होती. खिडकीत उजेडाला धरून मी चार फोटो काढले, सगळे पाठवले. कलम नीट वाचता येतं. समास मात्र चारही फोटोंत कोरा दिसतो. खोडलेली जागा बोटालाच कळते, आणि बोट लावायला ते इथे नाहीत. म्हणून हे लिहून ठेवलं.