आर्णीला उतरून गेलेली बासरी

गेल्या महिन्यात उमरखेडला कार्यक्रमाला जाताना आमचे बासरीवाले काका आर्णीच्या बस स्टँडवर गाडीतून उतरून निघून गेले. कार्यक्रमाला चार तास बाकी होते... आणि कार्यक्रम ठरला होता तोच बासरीसाठी.

आमचा तिघांचा छोटासा ग्रुप आहे. मी पेटी वाजवत गाते, वानखडे काका बासरी वाजवतात आणि तबल्यावर रफीकभाई. काका तलाठी म्हणून रिटायर झालेले, रफीकभाईंचं यवतमाळला टू-व्हीलरचं गॅरेज, मी शाळेत शिक्षिका. उमरखेडच्या एका मुख्याध्यापिका बाईंचा निरोप समारंभ होता. बाईंनी फोनवर मला एकच विचारलं होतं, "बासरी आहे ना?"

लोकांना वाटतं, बासरी वाजवणारा माणूस म्हणजे शांत, हळवा, डोळे मिटून बसणारा. आमच्या काकांसोबत एकदा प्रवास करून बघा म्हणावं! खिडकीची सीट त्यांनाच हवी. एसी लावायचा नाही. स्टेजवर धुराचं मशीन दिसलं की आयोजकांशी भांडण ठरलेलं. दोन वर्षांपासून मी हे सगळं निस्तरत होते.

त्या दिवशीही तेच. मार्चचं ऊन, रस्त्याचं काम चालू, आणि काकांची काच पूर्ण खाली. माझ्या घशात धूळ, केसात धूळ... संध्याकाळी गायचंय, जरा काच लावा असं दोनदा म्हटलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आर्णीला चहा झाला आणि ड्रायव्हरने गाडीतल्या देवापुढे अगरबत्ती लावली. काकांनी ती उचलून बाहेर फेकली. ड्रायव्हर बिचारा कळवळला, आणि माझा ताबा सुटला. इतकी गोड बासरी वाजवता आणि माणसांशी असं वागता, तुम्हाला काही वाटतं का, असं मी सगळ्यांसमोर बोलून गेले.

काकांनी बासऱ्यांची पिशवी घेतली, उतरले आणि चालू लागले. रफीकभाई मागे धावले, दहा मिनिटांनी एकटेच परत आले. म्हणाले, "चला ताई. येतीन ते."

पुढचा अर्धा तास मी रफीकभाईंपुढे काकांवरचा राग काढला. वाद्यावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो म्हणणाऱ्यांना एकदा आमचे काका दाखवले पाहिजेत, वगैरे वगैरे. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. मी तिथेच गाडीत बसून अमरावतीच्या एका बासरीवादकाला मेसेज टाकला, की पुढचे कार्यक्रम कराल का... आणि तसं रफीकभाईंना सांगूनही टाकलं.

आता रफीकभाई म्हणजे अखंड बडबड. गॅरेजमध्ये कोणाची गाडी कुठे घसरली, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं त्यांच्याकडून कळतं. पोटात काही राहतच नाही. पण त्या दिवशी ते गप्प होते. महागाव मागे पडल्यावर हळूच बोलले.

"ताई, काकाले दोन वर्षांपासून दम लागून राह्यला. लंबा सूर पुरत नाही त्यायले. तुटला का मी तिथं तबल्याचे बोल भरतो, तुमच्या ध्यानात येत नाही. मले कसम घातली होती, ताईले सांगू नको म्हणून. तुमी दुसरा माणूस पाहान, हेच भेव हाय त्यायले."

खिडकी, एसी, धूर, अगरबत्ती... सगळं एकामागोमाग डोळ्यासमोर आलं. हातातल्या मोबाईलवर तो मेसेज अजून उघडा होता. अमरावतीला "सॉरी, सध्या गरज नाही" असं कळवलं आणि उमरखेड येईपर्यंत बाहेर बघत बसले.

कार्यक्रम आम्ही दोघांनीच सुरू केला. तिसऱ्या गाण्याला काका दिसले. एसटीने आले होते, शर्ट घामाने चिंब. दाराशी थोडा वेळ खुर्चीवर बसले, मग स्टेजवर येऊन माझ्याकडे न बघता बासरी काढली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. अंतऱ्याच्या आधी सूर लांबत गेला, किंचित थरथरला आणि तुटला. त्याच क्षणी रफीकभाईंचा तबला अलगद पुढे आला आणि काकांनी श्वास घेईपर्यंत जागा भरून राहिला. समोर बसलेल्या बाई डोळे पुसत होत्या. कुणाला काही कळलं नाही. दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून मलाही कुठे कळलं होतं...

परत येताना मीच चारही काचा खाली केल्या. काकांची माफी मागितली. ते रफीकभाईंकडे रागाने बघत एवढंच म्हणाले, "यायनं सांगतलं वाटते."

दुसऱ्याच दिवशी रफीकभाई त्यांना स्कूटरवर बसवून छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काका पैलवानासारखे भांडले म्हणे, पण गेले. दमाच निघाला. पंप सुरू झालाय, रोज सकाळी तासभर चालणंही.

तेवढ्यात मी एक शहाणपणा केला. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत काकांचे लांब तुकडे गुपचूप कमी केले. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"माहा तुकडा काहून कापला? मी मेलो का?"

मग जे सुरू झाले ते थेट दहा मिनिटं. माझी गाण्यांची निवड, माझी पेटी, माझा ताल, रफीकभाईंचं तोंड, कोणालाच सोडलं नाही. मध्ये एकदाही थांबले नाहीत, एकदाही धाप लागली नाही.

मी फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले. इतक्या शिव्या खाऊन इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं...