दहा काय, केळी?

कोणी नुसता आकडा बोललं की मॅडम हातातलं काम थांबवत, तळहात वर करत आणि विचारत, "दहा काय? केळी?"

चहावाल्याचीही सुटका नव्हती. त्याने दारातून "चार?" असं विचारलं की आतून आवाज यायचा, "चार काय? केळी?" तो ओरडायचा, "कट, मॅडम, कट! चार कट चहा!" मगच त्याचा ट्रे आत यायचा. असं एखादं माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. सुरुवातीला वैताग येतो, आणि नंतर आपणही तसंच बोलायला लागतो.

जळगावच्या ज्या तपासणी केंद्रात मी काम करते, तिथे किरणोत्सर्गी औषधं देतात. मॅडम तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. पिंप्राळ्याहून स्कूटरवर यायच्या आणि हेल्मेट काढायच्या आधी शिशाच्या डब्यावरचं लेबल वाचायच्या. त्यांच्या त्या प्रश्नामागे कारण होतं. डॉक्टर तोंडाने जुनं माप बोलत, मिलिक्युरी. डब्यावर नवं माप छापलेलं असे, मेगाबेक्वेरेल. एक मिलिक्युरी म्हणजे सदतीस मेगाबेक्वेरेल. नुसतं 'दहा' म्हणून कोणी पुढे गेलं, तर औषधाचं प्रमाण कुठल्या कुठे जाईल. म्हणून आम्ही दोन्ही मापं मोठ्याने म्हणायची, हा त्यांचा नियम.

माझे वडील यावलला केळीच्या बागेत मजूर. मुलाखतीच्या दिवशी मॅडमनी विचारलं, "घरात पदवीधर किती?"

मी म्हटलं, "मी एकटीच."

"एकटी काय? पहिली म्हण."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

एकदा साक्रीकडच्या एका खेड्यातून एक अक्का आल्या. थायरॉइडने पार वाळलेल्या. हात सतत थरथरायचा आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. आधी दुसऱ्या दवाखान्यात त्यांना आयोडीनचा एक डोस दिला होता, पण तो पुरला नव्हता. दुसरा डोस त्या दिवशी खास त्यांच्यासाठी मुंबईहून आला होता. असलं औषध ठेवून देता येत नाही, ते दिवसागणिक आपोआप कमी होतं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आता उशीर केला तर हृदयावर जाईल.

त्यांच्या जुन्या कागदावर दहा होतं, आमच्या कागदावर तीनशे सत्तर. आकडे त्यांना वाचता येत होते. त्या उठल्याच.

"मागला टायमे दहा व्हतं. आते तीनशे सत्तर? माले मारी टाकतस का?"

मॅडमनी सदतीसने गुणून दाखवलं. अक्कांच्या नवऱ्याने मोबाइलवर करून पाहिलं. "हिसाब बराबर शे, मॅडम. पन ते तिले समजाडा." अक्कांनी तोवर पिशवी खांद्याला लावली होती.

"अक्का, घरी काय पिकतं?" मॅडमनी विचारलं.

"नागली."

"बरं. समजा, दहा पायल्या नागली आहे..."

"कोनता गावनी पायली?" अक्का दारातूनच म्हणाल्या. "आमनी येगळी, साक्रीनी येगळी."

मॅडमचा तळहात अर्ध्यावर थांबला. मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ! इतक्या वर्षांनी मला हे कोणीतरी विचारलं!" आणि अक्कांना म्हणाल्या, "तुमच्याच गावची धरा. ती नागली मुठीने मोजली तर किती मुठी?"

"लई व्हतीन."

"मग नागली वाढली का?"

"कशी वाढी? तेवढीच शे."

"त्या दवाखान्याने पायलीने मोजलं. आम्ही मुठीने मोजलंय."

अक्का दारातून एक पाऊल आत आल्या. "आनि त्यासनी पायली, तुमनी पायली, सारखीच शे?"

"सारखीच. या मापाचं तेवढं बरं आहे. जगात कुठेही जा, पायली एकच."

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. मॅडमनी मोठ्याने म्हटलं, "तीनशे सत्तर मेगाबेक्वेरेल, म्हणजे दहा मिलिक्युरी." मीही म्हटलं. अक्कांनी गोळी गिळली आणि वर पेलाभर पाणी प्यायल्या.

त्यानंतर पुढच्या तपासण्या त्या धुळ्यालाच करून घेत असत. परवा इकडे आल्या तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. अंग भरलं होतं, बांगड्या मनगटाशी घट्ट बसल्या होत्या. त्यांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली.

"तुमनी मोठी मॅडमले द्या. पायलीभर नागली शे."

"कोणत्या गावची पायली?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि हातही वर गेला.

अक्का खळखळून हसल्या. आत डोकावून बघायला लागल्या, जणू मॅडमच तिथून बोलल्या होत्या.

मग मला त्यांना सांगावं लागलं की गेल्या वर्षी मॅडम वारल्या.