न मानवलेली गोळी

माझा मामा लाकडी सामानाला पॉलिश करतो. तळमजल्यावर दुकान, वरच्या मजल्यावर घर, आणि दोन्हीकडे लाखेचा नि स्पिरिटचा सारखाच वास. माझे आईवडील लवकर गेले, म्हणून मी त्या वासातच वाढले. आता दुकानातलं घासकाम माझ्याकडे असतं. मी पॉलिश पेपर मारून लाकूड गुळगुळीत करून द्यायचं, मग मामानं कापडाचा बोळा घेऊन त्यावर पॉलिशचा हात मारायचा. एक हात झाला की थांबायचं, मग दुसरा. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी मामाचं उत्तर ठरलेलं, "वाळू द्या." गल्लीत त्याचं नावच 'वाळूद्या' पडलं होतं. मामी चिडली की म्हणायची, "या माणसाला लग्नाला हो म्हणायलाही वाळावं लागलं होतं!"

अशा सावकाश माणसाचं काळीज एके दिवशी धावत सुटलं.

कपाटाच्या दाराला हात मारता मारता तो थांबला आणि छातीवर तळवा ठेवून तसाच उभा राहिला. "आत काहीतरी वळवळतंय," म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याचे वडील जेवता जेवता असाच छातीला हात लावून गेले होते, आणि तेव्हा मामा त्यांच्या शेजारीच पानावर बसला होता.

हॉस्पिटलात छातीचा ईसीजी काढला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली आहे, औषधानं आटोक्यात येईल. आधी ठोके हळू करणारी गोळी दिली. तिनं पुरेसं भागेना, तेव्हा लय जागेवर ठेवायला दुसरी, नवी गोळी सुरू केली. देताना त्या म्हणाल्या, "मनानं गोळी बंद करायची नाही. आणि काहीही वेगळं वाटलं तर लगेच मला फोन करायचा."

मामाच्या डोक्यात पहिलं वाक्य घट्ट बसलं. दुसरं त्यानं कानाआड केलं.

नवी गोळी लागू पडली. वळवळ थांबली, मामा पुन्हा शीळ घालत काम करू लागला. पण मग त्याचे तळहात खाजायला लागले. बोळा खाली ठेवून तो हात पँटीवर चोळायचा. मी विचारलं तर म्हणाला, "थिनरचं आहे गं. इतकी वर्षं हात घातलेत त्यात, कधीतरी चावणारच." पुढे एकदा वरच्या फळीवरचा डबा काढताना त्याचा सदरा वर सरकला आणि मला त्याच्या पोटावर लालभडक गांधी उठलेल्या दिसल्या.

"पित्त उठलंय," तो घाईघाईनं सदरा खाली ओढत म्हणाला.

मी मामीला सांगितलं. ती जेवताना त्याच्यासमोर बसली. "तुम्हाला जन्मात कधी पित्त उठलं होतं? ती नवी गोळी आल्यापासून हे सुरू झालंय. डॉक्टरांना फोन करा."

"छातीची गोळी आहे ती. ती छातीचं काम करेल की माझ्या पोटाला गुदगुल्या करत बसेल?"

मामीला हसू आलं, आणि तिथंच आम्ही फसलो. खरं तर त्यालाही संशय आला होता. नंतर त्यानंच कबूल केलं. पण फोन केला तर गोळी बंद करतील, ती बंद झाली की ते वळवळणं परत येईल, आणि मग वडिलांसारखंच होईल, या भीतीनं तो गप्प राहिला. खाज परवडली, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन तो खाली आला. मी खुर्चीचे पाय घासत होते. तो मला काहीतरी सांगत होता, कुणाच्या तरी टेबलाचं, आणि बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. तोंडात कापूस कोंबल्यासारखा जाड झाला. मला वाटलं, कुणाची तरी नक्कल करतोय. मी हसत मान वर केली.

त्याचा खालचा ओठ सुजून लोंबत होता. डोळ्यांच्या पापण्या फुगल्या होत्या, गळा लालबुंद झाला होता.

"घशात... काहीतरी..." तो म्हणाला, आणि जिन्याकडे निघाला. "वर जातो. तिच्याकडे."

दुसऱ्या पायरीवरच त्याचे गुडघे वाकले. मी मागून धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. मी "मामी!" म्हणून ओरडले, तो माझाच आवाज मला परका वाटला. मामी धावत आली. शेजारचा गादीवालाही आला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

पलीकडे एक बाई होती. तिचा आवाज इतका शांत, की तिला आमचं कळतच नाहीये असं मला वाटलं. "त्यांना उठू देऊ नका, चालू देऊ नका," ती म्हणाली. "आडवं करा, पाय उंचावर ठेवा. झोपून श्वास घेता येत नसेल तर पाठीला टेकण देऊन बसवा, पण पाय लांब. तोंडातून काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आणि कुठल्या गोळ्या घेतात? सगळी पाकिटं हातात घेऊन ठेवा."

"मी टेम्पो काढतो," गादीवाला म्हणाला. "टाकू मागे आणि नेऊ."

"नको," फोनवरची बाई म्हणाली, "गाडी जवळ आली आहे, हलवू नका." गादीवाल्यानं मग फोमचे जाड तुकडे आणून मामाच्या पाठीमागे लावले. मामाच्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. मामी त्याचा हात धरून बसली होती आणि म्हणत होती, "माझ्याकडे बघा. अहो, माझ्याकडे बघा." तो बघत होता.

ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या माणसानं एकदाच त्याच्याकडे पाहिलं. "औषधाची ॲलर्जी दिसतेय. मांडीत इंजेक्शन देतोय."

मामी मध्येच हात आडवा घालून म्हणाली, "त्यांचं हृदयाचं दुखणं आहे हो! त्यानं ठोके वाढले तर?"

"वाढतील," तो म्हणाला. सुई तोवर आत गेलीही होती. "पण आधी श्वास राहायला हवा."

आम्ही वाट पाहिली. शिट्टी थांबली नाही. उलट मामाची मान एका बाजूला कलली. त्या माणसानं माझ्या हातातली पाकिटं घेतली, जुन्या गोळीचं नाव वाचलं आणि आपल्या जोडीदाराला हाक मारली. "हे ठोके हळू करणारी गोळी घेतात. तिच्यामुळे आपलं इंजेक्शन कमी लागू पडत असणार. दुसरं भर. आणि हॉस्पिटलला कळव, या गोळीवरचा उतारा काढून ठेवायला सांग."

एक गोळी त्याचा गळा आवळत होती आणि दुसरी त्याला वाचवणाऱ्या औषधाचा हात धरून ठेवत होती.

गाडीत मी पायाशी बसले. यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ वेड्यावाकड्या उड्या मारत होती. मामी तिकडे बघत नव्हती, तिनं डोळे मिटून घेतले होते. हॉस्पिटलात त्याला आत नेलं, दार लागलं आणि आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. मामीच्या पायात चप्पल नव्हती. दोघींच्याही ते तेव्हाच लक्षात आलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा आधी त्यांचा चेहरा पाहिला आणि जिवात जीव आला. "श्वास मोकळा झालाय," त्या म्हणाल्या. "पण घरी सोडणार नाही. ही ॲलर्जी ओसरली असं वाटतं आणि काही तासांनी परत डोकं वर काढू शकते."

तो मुक्काम फार वाईट गेला. मामा नुसता खाकरला तरी आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो.

सूज उतरल्यावर डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेशी बसल्या. "खाज आली, गांधी उठल्या, तरी मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही गोळी बंद केली असती," मामा बसक्या आवाजात म्हणाला.

"केलीच असती. आणि दुसरी दिली असती."

असंही काही होऊ शकतं, हे मामाच्या मनातच आलं नव्हतं.

ती गोळी कायमची बंद झाली. पण घरी आल्यावर मामा गोळ्यांनाच भ्यायला लागला. ठोके हळू करणाऱ्या जुन्या गोळीऐवजी तेवढी एक दुसरी दिली होती, तीही तो तोंडात घेऊन बेसिनपाशी जायचा आणि थुंकून टाकायचा. मामीला बेसिनच्या कडेला पांढरा लगदा दिसला तेव्हा कळलं. तोवर वळवळ परत सुरू झाली होती. तो दुकानात स्टुलावर मनगट धरून बसून राहायचा, बोळा डब्यात कडक होऊन जायचा. मामी रागावली, तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. "घेतली तर गळा, नाही घेतली तर काळीज. सांग, मी जाऊ कुठं?"

मामीनं त्याला सदरा घातला आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी थुंकलेल्या गोळीचं सगळं ऐकून घेतलं. मग लयीसाठी वेगळ्या जातीची गोळी निवडली आणि म्हणाल्या, "पहिली गोळी घरी घ्यायची नाही. माझ्यासमोर, इथं घ्यायची."

वॉर्डात त्याच्या छातीला वायरी लावल्या. शेजारच्या ट्रेमध्ये इंजेक्शनं भरून ठेवली. ती बघून त्याला धीर येण्याऐवजी घामच फुटला. तळहातावर ती एवढीशी गोळी घेऊन तो बसून राहिला.

"काका, घ्या आता," नर्स म्हणाली. "किती वेळ बघणार तिच्याकडे?"

मामानं माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गिळली.

मग सुरू झालं वाट बघणं. त्याच्या नाकाला खाज आली, तो दचकून उठला. नर्सनं टॉर्च मारून घसा पाहिला, हात पाहिले, पोट पाहिलं. "नाक सगळ्यांचंच खाजतं, काका." थोड्या वेळानं, "ओठ बघ गं, जड वाटतोय." मी पाहिला. काही नव्हतं. परत, "नीट बघ." परत पाहिला. मामी त्याच्याशी बोलत राहिली, शेजाऱ्यांच्या भांडणाचं, गळक्या नळाचं, सुचेल ते. तिची बोटं मात्र पदराचं टोक पिळत होती. पडद्यावर ठोक्यांची रेघ चालत राहिली. हळूहळू तिचे उंचवटे सारख्या अंतरानं उमटायला लागले. आम्हाला ते आधी कळलंही नाही. नर्सनंच बोट दाखवलं.

ती गोळी त्याला मानवली. अजून चालू आहे. न चालणाऱ्या गोळीचं नाव लिहिलेलं कार्ड त्याच्या खिशात असतं. दात काढायला गेला तरी खुर्चीत बसायच्या आधी ते दाखवतो. त्याला त्या नावाचा नीट उच्चार करता येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहत नाही. डॉक्टरीणबाईंनी मांडीत टोचायचं इंजेक्शनही दिलंय. ते कसं द्यायचं हे मामी आणि मी शिकून घेतलंय. दोघींनाही ते द्यायची वेळ येऊ नये असं वाटतं.

गेल्या महिन्यात तो दुकानातून तडक वर आला. चेहरा पांढराफटक. दोन्ही बाह्या वर करून मामीसमोर उभा राहिला. "बघ. उठलंय. फोन लाव."

हातांवर लाल ठिपके होते. मामीनं काही न विचारता फोन लावला, मी पाकिटं गोळा केली, आणि आम्ही तिघं तसेच रिक्षात बसलो. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून त्याचे हात तपासले, घसा पाहिला, छाती ऐकली, कितीतरी वेळ लावला.

"डास चावलेत," त्या म्हणाल्या.

मामा ओशाळला. "उगाच त्रास दिला तुम्हाला."

"असाच देत जा," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मामीला हसू फुटलं, थांबेचना. हसता हसता ती हॉस्पिटलच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मामा तिच्या शेजारी बसला, बाह्या खाली केल्या आणि बटणं लावत राहिला.