जांघेतली जखम

बाबांना लिव्हरचा कॅन्सर. डॉक्टरांनी जांघेतल्या नसेतून बारीक नळी सरकवून थेट लिव्हरमध्ये औषध सोडलं. मोताळ्याला घरी परतल्यावर भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, बिस्किटपुडा दिला की जखम बघायचा हक्क मिळाला. बाबा गंभीर चेहऱ्यानं पायजम्याच्या नाडीला हात घालायचे आणि पाहुणा अर्धा चहा टाकून उठायचा.

बाबांचे जुने दोस्त, बाजारातले टेलरचाचा, मात्र हलले नाहीत. "दाखव," म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि वाकून नीट पाहिलं.

"एक टाका नाही बे. काम कच्चं हाय तुह्या डॉक्टरचं."

बाबांनी नाडी बांधली. पुढच्या डोसच्या वेळी टेबलावर आडवं होताना ते डॉक्टरांना म्हणाले, "यावेळी एक तरी टाका मारा. दोस्ताले दाखवाचा हाय."