पद्माचे राक्षस

व्यंकटेशचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रजिस्टरवर उतरवत होते. पद्माचा नवरा मला कधी फोन करत नसे. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, आता पद्मा त्याच्या फोनवरून प्रयत्न करतेय. म्हणून मी तो वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. "ताई, पद्मा गेली," तो म्हणाला. ती टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायची. सकाळी संगणकासमोर बसली असताना डोकं धरून खाली वाकली, दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी आमचं बोलणं बंद होऊन चौदा महिने झाले होते... तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात, आणि मलाही ते लिहायचंच आहे. पण माझा राग अजून गेलेला नाही. तो लपवून लिहिलं असतं तर पद्मानंच विचारलं असतं, "हे कुणाबद्दल लिहिलंयस?"

आमची ओळख राक्षसांमुळे झाली. विशीत असताना आम्ही दोघी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका ॲनिमेशनच्या क्लासला जायचो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, चार संगणक, आणि त्यातले दोन कायम बंद. एके दिवशी चित्रातलं वजन कसं दाखवायचं हे शिकवण्यासाठी सरांनी एक जपानी चित्रपट लावला. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी वर येतो आणि शहर तुडवत निघतो. इमारती काड्यापेट्यांसारख्या कोसळत होत्या, वर्गातली मुलं हसत होती. माझ्या शेजारी एक काळीसावळी, जाड वेणी घातलेली मुलगी मात्र पुढे वाकून बघत होती. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच बोलावं तशी ती म्हणाली, "तो चिडला नाहीये. त्याला वळायला जागा नाहीये." मी तिच्याकडे बघून म्हटलं, "पण त्याच्या पायाखाली माणसं आहेत की." तिनं माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही तेच एक भांडण भांडत राहिलो.

पद्माचं घर विणकरांचं. घरात तेलुगू बोलायचे, वडील यंत्रमागावर, आई शहराबाहेर कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात, दारात बसून विड्या वळायची. मी मिलच्या चाळीतली. मिल बंद पडली तरी तिच्या भोंग्याची सवय आमच्या अंगातून गेली नव्हती. ॲनिमेशन शिकून आम्हा दोघींचं काही झालं नाही. तिला टॉवेलावरचे मोर आणि वेलबुट्ट्या काढण्याची नोकरी मिळाली, मला ग्रंथालय. पण राक्षस सुटले नाहीत. पूर्वी सीडीवर, नंतर पेनड्राइव्हवर, पुढे फोनवर, जिथून मिळतील तिथून आम्ही ते बघितले. लग्नानंतरही पद्मा कुंभारीतच राहिली, आणि दर रविवारी दुपारी मी तिकडे जायची. ती शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढे ठेवायची आणि आम्ही एकेक प्रसंग थांबवून, मागे नेऊन बघायचो. रबरी वेष घालून नाचणाऱ्या माणसांचे राक्षसपट तिला आवडत नसत. ती म्हणायची, वेषात शेवटी माणूस असतो, त्याला घाम येतो, तो घरी जातो. चित्रातल्या राक्षसाच्या आत मात्र कुणीच नसतं. त्याचं प्रत्येक पाऊल कुणीतरी हातानं काढलेलं असतं, म्हणून त्याचं दुःख भेसळीचं नसतं. माझं म्हणणं असायचं की चित्रपट काढणारे राक्षसाचं एकेक खवलं मन लावून काढतात आणि पळणारी माणसं मात्र ठिपक्यांसारखी. मग आपल्याला कुणाचा कळवळा येणार, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

पुढे तिनं फोनवर अशाच वेड्यांचा एक गट केला. लातूरचा एक औषधविक्रेता, सांगलीची एक नर्स, अक्कलकोटचा एक निवृत्त मास्तर, अशी माणसं. तिथेही हाच वाद चाले. माणसानं अणुस्फोट केले, समुद्र नासवला, म्हणून राक्षस जागा झाला, तेव्हा दोष माणसाचा, असं बहुतेकांचं मत. मास्तरांना तो निसर्गाचा न्याय वाटे. नर्सबाई विचारायच्या की न्याय असेल तर तो आधी झोपडपट्टीवर का पडतो. पद्मा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच सांगायची, राक्षस निर्दोष असतो. मी दर वेळी विरोध करायची. मी इतक्या चिडीनं का भांडते, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पद्मालाही नव्हतं.

ते तिला कळलं, दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी. आम्ही एक नवा चित्रपट बघत होतो. त्यात म्हातारा झालेला राक्षस सगळं गाव मोडून झाल्यावर धरणाच्या भिंतीला टेकून बसतो आणि स्वतःचे हात बघत राहतो. बराच वेळ नुसते हात. मला रडू आलं, आणि थांबेना. पद्मानं चित्रपट बंद केला, दार लोटून घेतलं. मग मी जन्मात कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. मिल बंद झाल्यावर बाबा घरात नुसते उभे राहायचे. एवढ्याशा खोलीत उभं कुठं राहावं हेच त्यांना कळायचं नाही. मग वस्तू फुटायच्या. एकदा त्यांनी पितळी तांब्या भिरकावला, तो आईच्या कानाला लागला. तेव्हापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. शेजाऱ्यांना, मामाला, डॉक्टरांनाही आई सांगत आली की मी न्हाणीत घसरून पडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उंबऱ्यात बसून आपले हात बघत होते... पुढे ते सुधारले. बुद्धविहार बांधला जात होता तेव्हा त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. वस्तीतल्या कितीतरी मुलांना शाळेत घालायला ते स्वतः गेले. ते वारले तेव्हा चांगला माणूस गेला म्हणून माणसं रडली, आणि ते खोटं नव्हतं. मी सात वर्षांची होते तेव्हाचं एवढंच खोटं होतं, आणि ते मी आईसाठी जपून ठेवलं होतं. पद्मानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "माझ्यापाशी राहील हे."

वर्षभरही राहिलं नाही. पद्मा तेव्हा राक्षसपटांवर मराठीत व्हिडिओ करू लागली होती. तिला बघणारी माणसं वाढत होती, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एके दिवशी होटगीला रेल्वेत असलेल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. त्यानं एक दुवा पाठवला होता. अवघडून म्हणाला, "ताई, हे आत्याचं तर नव्हं?" व्हिडिओत पद्मा नेहमीच्या शांत आवाजात बोलत होती. माझ्या एका मैत्रिणीचे वडील, सोलापूरच्या एका बंद पडलेल्या मिलमधले... मग तांब्या आला, कान आला, न्हाणी आली, उंबरा आला. मागे तो राक्षस आपले हात बघत बसलेला. नाव तेवढं नव्हतं. पण आमच्या वस्तीत डाव्या कानानं बहिरी असलेली, मिल कामगाराची बायको एकच आहे.

मी रिक्षा करून सरळ तिच्या कारखान्यावर गेले. फाटकाबाहेर, रंगाच्या पाण्याचा वास येत होता तिथं, आम्ही उभ्या राहिलो. तिनं नाव घेतलं नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, कान सांगितलास की. त्यावर ती म्हणाली, "कानाशिवाय ते खरं वाटलं नसतं, सुजाता." आणि मग तिनं असं काही सांगितलं की माझा राग दुप्पट झाला. म्हणाली, तू व्हिडिओ पूर्ण बघितला नाहीस. शेवटी मी कबूल केलंय की इतकी वर्षं मी चुकत होते, राक्षस निर्दोष नसतो. तुझ्यामुळं माझं मत बदललं.

"मत बदललं ते मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "जगाला कशाला?"

व्हिडिओ काढून टाक म्हटलं, तर ती नाही म्हणाली. म्हणाली, व्हिडिओखाली बायका लिहितायत, आपापल्या घरातलं लिहितायत, ते मी कसं पुसू? मी वळून चालू लागले. तिनं मागून हाक मारली, ती मी ऐकली आणि थांबले नाही. त्यानंतर तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. जाण्याच्या दोन महिने आधी तिनं एका येऊ घातलेल्या चित्रपटाची झलक पाठवली होती. खाली लिहिलं होतं, "शेपटी बघ. किती जड वाटते." मी बघितली. खरंच जड वाटत होती. उत्तर दिलं नाही.

आईला हे कळू नये म्हणून मी धडपडत होते, पण तिनं तो व्हिडिओ होटगीलाच, भावाच्या घरी, फोन उजव्या कानाला लावून ऐकला होता. आठ दिवस तिनं मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. विहारात बायका तिच्याकडे बघून गप्प होऊ लागल्या, तेही तिनं सोसलं. मग एका दुपारी मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्या पोरीनं खोटं काय सांगितलं न्हाय. पर तू तिला सांगितलंस. मला कदी न्हाय बोललीस."

मी म्हटलं, तुला काय सांगणार, तुझंच तर होतं ते. तिनं निवडलेल्या काड्या बाजूला केल्या. "तवा तू सात वर्साची हुतीस. मला वाटलं, तुला आठवत नसंल. बाप तसा कळू नये म्हनून मी न्हाणीत पडले म्हनत हुते. तुज्यासाठी." म्हणजे मी आईसाठी गप्प होते आणि आई माझ्यासाठी खोटं बोलत होती. एका खोलीत राहून चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना फसवत आलो. आईनं एवढंच आणखी सांगितलं, की पद्माला घरी बोलाव, मला तिच्याशी बोलायचंय. मी हो म्हटलं आणि तो निरोप दिला नाही. आईनं विचारलं तेव्हा ती कामात आहे म्हणून सांगितलं. पद्मानं मला दगा दिला, हे मी उघड लिहिते आहे, तर हेही लिहायला हवं.

अंत्यविधीला मी गेले, मागे उभी राहिले आणि परत आले. दहावं-तेरावं झाल्यावर व्यंकटेशनं मला घरी बोलावलं. संगणकाच्या खोलीत नेलं. भिंतीवर टॉवेलांच्या मोरांचे नमुने, टेबलावर तिचा चष्मा. चहा देता देता तो सहज म्हणाला की तुमच्या आई येऊन गेल्यावर पद्मा दोन-तीन दिवस खुशीत असायची. मी कप खाली ठेवला. माझी आई? इथं? तो गोंधळला. "म्हंजे तुमाला ठाऊक न्हाई? तीन-चार वेळा आल्या की. सिटी बसनं."

गुरुवारी महिला मंडळात जाते म्हणून सांगून आई कुंभारीला येत होती. मी निरोप दिला नाही, हे तिनं ओळखलं होतं, आणि मला एका शब्दानं न विचारता ती स्वतः निघाली होती. पद्मानंही मला कळवलं नाही. मी तिथंच बसले होते, मोरांच्या नमुन्यांकडे बघत, आणि मला लहान मुलीसारखं वाटत होतं, जिला सोडून मोठी माणसं जत्रेला जाऊन आली आहेत.

व्यंकटेशनं संगणकावर एक व्हिडिओ उघडून दिला आणि तो बाहेर गेला. पद्मानं तो कुठंही टाकलेला नव्हता. त्यात आई होती. लाकडी खुर्चीवर, डोक्यावर पदर घेऊन, समोरच्या पडद्यावर तोच म्हातारा राक्षस बघत होती. पद्माचा आवाज बाहेरून येत होता, मावशी, तुम्हाला काय वाटतं त्याच्याबद्दल? आई विचार करून बोलली. "त्याला वाईट वाटतंय, दिसतंय की. लई वाटतंय. पर नुस्तं बसून हात बघून काय हुतंय? उठून ज्याचं मोडलं त्याच्याम्होरं यायला पायजे. आमचे आले न्हाईत. दुसऱ्याच्या पोरांना शाळंत घातलं, विटा वाहिल्या. माझ्याम्होरं काय आले न्हाईत." पंचवीस वर्षं आम्ही दोघी, लातूर-सांगलीची माणसं, सगळे मिळून जे शोधत होतो, ते तिनं मेथी निवडावी तसं निवडून ठेवलं. मग ती म्हणाली, "सुजाताला विचारल्याबिगर हे कुटं टाकू नगंस." पद्मा म्हणाली, "नाही टाकणार. पण ती बोलली पाहिजे ना माझ्याशी."

हा शब्द तिनं पाळला. आधीचा पाळला नव्हता, हा पाळला. मला या दोन्ही गोष्टी एकत्र बाळगता येत नाहीत अजून.

घरी येऊन मी आईला विचारलं, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तू बोलू दिलं नसतंस." तो व्हिडिओ लोकांसमोर जावा असं तिला वाटतं. व्यंकटेश म्हणतो, ताई, तुम्ही म्हणाल तसं. आधीचा काढायचा असेल तर तोही काढतो. मी त्याला अजून दोन्हींपैकी काहीच सांगितलेलं नाही. व्हिडिओ मात्र त्याच्याकडून घेऊन आले आहे. त्याच्या शेवटी आई उठून चहाला आत जाते आणि पद्मा कॅमेरा बंद करायला विसरते. काही मिनिटं नुसती खुर्ची दिसत राहते. आतून कपबशांचा आवाज, दोघींचं अस्पष्ट बोलणं, एकदा आईचं हसू. मग पद्मा पदराला हात पुसत येते आणि कॅमेरा चालू आहे हे तिच्या लक्षात येतं. ती खुर्चीत बसते. सरळ समोर बघते, चष्मा वर सरकवते, काहीतरी म्हणायला तोंड उघडते... आणि मग मान हलवून उठते, हात पुढे येतो, चित्र थांबतं. मी ते मागे नेऊन पुन्हा बघते. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर.